लघवीचा ताबा सुटतोय: पोटावरचा सेन्सर, ओलाव्याचा अलार्म की साधी वही?

आईने रामबागेतल्या हळदीकुंकवाला जाणं बंद केलं, तेव्हा गुडघे दुखत असतील असंच आम्ही समजलो. खरी धास्ती होती वाटेतच लघवी होण्याची. बाहेर पडायचं असलं की इंदूरच्या भर मे महिन्यातही ती सकाळपासून पाण्याला शिवत नसे. तिच्यासाठी शोधताना तीन वाटा दिसल्या.

सगळ्यात भुरळ घालतो तो ओटीपोटावर लावायचा अल्ट्रासाउंड सेन्सर. तत्त्व सोनोग्राफीचंच. मूत्राशयाच्या पुढच्या आणि मागच्या भिंतीवरून परतणाऱ्या लहरींवरून ते किती भरलंय याचा अंदाज मोबाइलवर दिसतो. जपानमध्ये २०१५ साली ट्रिपल डब्ल्यू या नावाने सुरू झालेल्या कंपनीचं ‘डीफ्री’ हे उपकरण याच जातीचं. मणक्याच्या दुखापतीमुळे किंवा मधुमेहाने नसा बधिर झाल्यामुळे लघवी भरल्याचं ज्यांना कळतच नाही, त्यांच्यासाठी हे खरंच मोलाचं आहे. स्मृतिभ्रंश असेल तर वेळेवर उठवून नेणारं माणूसही हवं. पण खोकताना, शिंकताना थेंब जात असतील तर पैसे घालवू नका. तिथे दोष ओटीपोटाच्या तळाशी मूत्राशयाला आधार देणाऱ्या, सैल पडलेल्या स्नायूंचा असतो, त्याला व्यायामच हवा. पोट सुटलेलं असलं किंवा सेन्सर जरा सरकला, तरी अंदाज चुकतो.

डायपरमधला ओलाव्याचा अलार्म लघवी झाल्यावर वाजतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कातडी जपायला तो चांगला, चालत्याफिरत्या माणसाला नाही.

वहीला मात्र खर्च नाही. तीन दिवस काय प्यायलं, किती वाजता गेलं, मापाच्या मगात किती मिली आली, कधी गळली, एवढंच लिहायचं. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिली मावते. आईची दर खेपेला जेमतेम १०० भरत होती आणि घाई व्हायची ती चहानंतर. भरल्याचं तिला नको इतकं कळत होतं, मग सेन्सर आणखी काय सांगणार? चहा निम्मा केला, डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन खेपांमधलं अंतर हळूहळू वाढवलं.

काहीही घेण्याआधी लघवी करून आल्यावर आत किती उरते, ते सोनोग्राफीत बघून घ्या. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांनी तर नक्कीच. बरीच उरत असेल तर गळती मूत्राशय भरून ओसंडण्याची असू शकते आणि उपचार आधी लागतात.

तरीही सेन्सरच हवा असेल तर परत करता येईल अशा बोलीवर घ्या. ‘भरलं’ असा इशारा आला की मगात किती येते, ते चार-पाच खेपा मोजा. मेळ बसत नसेल तर परत करा.