रायफल मिळते हो, पार्ट नाही मिळत! (2/5)
पोरगी 10 मीटर एअर रायफल मारते, रायफल जर्मन, सेकंडहँड, घेतली नागपुरात सदरच्या एका स्पोर्ट्स शूटिंगवाल्या दुकानातून. नाव नाही लिहीत, माणूस चांगला आहे. घेताना चहा पाजला, भाऊ काही लागलं तर आपण आहोच ना म्हणाला. मग रायफलचा दाबाच्या हवेचा सिलेंडर हवा सोडायला लागला. 200 बार दाबाने भरून ठेवला की सकाळी गेजचा काटा खाली, फिल्टरजवळ कान नेला तर बारीक सुंऽऽ आवाज.

लागत होती फक्त एक ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी गोल रिंग, करंगळीच्या नखाएवढी. दुकानदार आधी पुण्याला विचारतो म्हणे, मग दिल्लीला, मग "जर्मनीवरून लॉट आला की सांगतो", असं करता करता अडीच महिने गेले अन् इकडे मानकापूरला पोरगी दुसऱ्याची रायफल मागून प्रॅक्टिस करते. आता टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, त्यात खांद्याला टेकायचा बट अन् गालाला टेकायचा चीकपीस दुसऱ्याच्या मापाचे, काय मारणार ती बाप्पा?

इतवारीत हायड्रॉलिक सीलवाल्याकडे हुबेहूब रिंग 15 रुपयांत दिसली, पण कोच ओरडले, 200 बारला वाट्टेल ते रबर लावू नका. बरोबरच आहे.

शेवटी रिंग आली, फिटिंग मात्र एक नंबर, त्याचेच दोन स्टार. घेणाऱ्यांनी सीलचा सेट रायफलसोबतच मागून घ्या अन् सिलेंडरवरची तारीख बघा, 10 वर्षं झाली की तो बाद. आमच्याला दीडच वर्ष उरलं, नवा आतापासूनच सांगून ठेवलाय.