जुनी बीटल की एमजीबी: हीटर कुणाचा नीट ऐकतो?

फोक्सवॅगन बीटलचं इंजिन एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणारं, त्यामुळे गरम पाणी असा प्रकारच नाही, इंजिनचा पंखा हवा ढकलतो ती एक्झॉस्टभोवतीच्या हीट एक्सचेंजरमधून तापून केबिनमध्ये येते. आधी गिअरजवळ गोल नॉब असायचा, 1965 च्या मॉडेलपासून हँडब्रेकच्या दोन्ही बाजूंना लिव्हर आले, उजवा उष्णतेचा आणि डावा मागच्या पायांकडच्या हवेचा. गंमत अशी की पंखा इंजिनवरच फिरतो, म्हणजे सिग्नलला उभं राहिलात की हवा मंदावते आणि हायवेला पाय भाजतात, सारखं खालीवर करत बसायचं.

एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये गरम कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, वापरतात. इंजिनवरचा व्हॉल्व्ह डॅशबोर्डवरच्या नॉबने केबलमार्फत उघडतो, आणि ब्लोअर इलेक्ट्रिक असल्याने गाडी उभी असली तरी हवा येते. पण हा व्हॉल्व्ह थोडासा उघडला तरी बरंच गरम पाणी सुटतं, मधलं तापमान मिळणं अवघडच. आणि वापरला नाही की जाम होतो हो, म्हणून उन्हाळ्यातही अधूनमधून फिरवत जा.

कंट्रोलसाठी मी एमजीबीच घेईन. तिच्यात गळती झाली तर कार्पेट भिजतं, पण बीटलचा एक्सचेंजर गंजून फुटला तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत येतो, त्याला वासही नसतो. जुनी बीटल घेत असाल तर रंग बघण्याआधी गाडीखाली वाकून एक्सचेंजर बघा, प्लीज.