माऊस ठेवायचा की टीव्ही लावायचा?

इंटरनेटसाठी केलेली कला सोलापुरात एखाद्या हॉलमध्ये मांडायची म्हटली की पहिला सल्ला ठरलेला असतो: "रेकॉर्डिंग करा, पेनड्राइव्हला टाका, टीव्हीला लावून द्या." पहिल्या वर्षी मी तेच केलं. दुसऱ्या वर्षी टेबल, जुना कॉम्प्युटर आणि माऊस ठेवला. तुमचा हॉल वेगळा, येणारी माणसं वेगळी, तेव्हा माझं पटलंच पाहिजे असं नाही.

टीव्हीचं सुख नाकारून चालणार नाही. सकाळी कुलूप काढायचं, बटण दाबायचं, चहाला जायचं. आणि काही कामं टीव्हीवरच शोभतात. दक्षिण कोरियातल्या सोल शहरातली 'यंग-हे चांग हेवी इंडस्ट्रीज' या कलाकारांची कामं घ्या. पडदाभर मोठी अक्षरं, मागं जॅझ, दाबायला बटण कुठंच नाही. जिओसिटीज, म्हणजे कुणालाही फुकट स्वतःचं वेबपान करू देणारी साइट, २००९ साली बंद पडलं, त्यातल्या वाचवलेल्या पानांचे स्क्रीनशॉट ऑलिया लियालिना आणि ड्रागान एस्पेनशीड या कलाकारांनी काढले. २०१३ साली लंडनच्या फोटोग्राफर्स गॅलरीत ते भिंतीवर एकामागून एक सरकत होते. अशा कामांना माऊस ठेवून करायचं काय?

माझं घोडं अडलं ते लियालिनाच्याच १९९६ च्या कामापाशी, 'माय बॉयफ्रेंड केम बॅक फ्रॉम द वॉर'. युद्धावरून परतलेला तो, वाट बघणारी ती, काळीपांढरी चित्रं, तुटक वाक्यं. क्लिक केलं की चौकट दुभंगते, तिचे आणखी तुकडे होतात, शेवटी काळे रिकामे चौकोन उरतात. मी घरी बसून नीट क्लिक करत रेकॉर्डिंग केलं. छान उतरलं. हॉलमध्ये लावलं, आणि तासाभरात सातवी-आठवीतली एक मुलगी टीव्हीच्या मागं हात घालून काहीतरी चाचपायला लागली.

"काय शोधतेस गं?"

"माऊस कुठाय काका? बाण हलायलाय की."

तो बाण माझा होता. पंधरा दिवसांपूर्वी घरी हलवलेला. त्यानंतर मला त्या पडद्यावर दुसरं काही दिसेचना. कुणी वाक्य वाचत असे आणि ते संपायच्या आत माझा बाण येऊन क्लिक करून टाकी. कुणाची नजर डावीकडं, बाण उजवीकडं. मग बाण लपवून पुन्हा रेकॉर्डिंग केलं. ते तर जास्तच बिघडलं, चौकटी आपल्या आपण फुटायला लागल्या. त्या दोघांमधलं अवघडलेपण बघणाऱ्याच्या बोटातून पुढं सरकतं, ते बोटच मी काढून घेतलं होतं.

त्याच प्रदर्शनात जोडीचं १९९५ चं काम होतं. (योआन हेमस्कर्क आणि डर्क पास्मान्स मिळून 'जोडी'. आपल्याला नाव वेगळं समजावून सांगावं लागत नाही.) समोर नुसता हिरव्या अक्षरांचा कचरा दिसतो. पण पानाचा सोर्स, म्हणजे मागचा कोड, उघडला की त्याच अक्षरांतून बाँबचा आराखडा उमटतो. टीव्हीवर लोक कचरा बघून पुढं जात. आपल्याकडं चादर घेताना गिऱ्हाईक आधी ती उलटी करून बघतं, आणि मी ती काचेत टांगून ठेवली होती.

टेबल मांडलं की त्रास सुरू होतो, तो सांगितलाच पाहिजे. एक जण बसला की बाकीचे ताटकळतात. कुणीतरी यूट्यूब लावतंच, त्यासाठी ब्राउझर फुल स्क्रीन कियॉस्क मोडमध्ये ठेवा, म्हणजे दुसरा पत्ता टाकायला जागाच दिसत नाही. जोडीपुरता मात्र मी मोकळा ठेवला आणि एका पोरानं त्यावर क्रिकेटचा स्कोअर बघितला. चालायचंच. हॉलच्या नेटवर विसंबू नका. कलाकाराला विचारून कामाची प्रत मशीनवरच ठेवता आली तर ठेवा. काम फ्लॅशमधलं (वेबवरच्या हलत्या चित्रांचं जुनं तंत्र) असेल तर ते बनवणाऱ्या अडोबी कंपनीनं त्याचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला काढून घेतलाय. फ्लॅशची कामं चालवणारं 'रफल' फुकट मिळतं, पण आधी घरी चालवून बघा, काही कामं त्यात लंगडतात.

मागं ताटकळणाऱ्यांबद्दल मात्र माझं मत बदललं. "ते दाब, ते नको, खालचं दाब" अशी कुजबुज चालायची. एक आजोबा, आयुष्य जकार्डवर (भोकं पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागावर) काढलेले, नातवाच्या खांद्यावरून बराच वेळ बघत होते. चौकटी फुटत जाताना म्हणाले, "हे कार्ड बदलल्यासारखंच आहे की. भोक जिथं, तिथं नक्षी." टीव्हीपुढं वर्षभरापूर्वी कुणी एवढा वेळ थांबल्याचं मला आठवत नाही. मोजलेलं नाही, पण खुर्ची मात्र दोनदा बदलावी लागली.

माणूस कमी असेल, हॉलला राखण नसेल, तर टीव्ही लावा, त्यात कमीपणा नाही. फक्त क्लिकची कामं त्यावर घेऊ नका. आणि टेबल मांडणार असाल तर माऊस वायरचा घ्या, वायरलेसचा सेल भर गर्दीत संपतो. दोन घ्या. माझा एक तिसऱ्या दिवशी कुणीतरी नेला.