हाताने फिरवायचा आइस्क्रीम पॉट, पाच लिटरचा: घ्यावा का?

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सुटका होईल. घरात फिरवायला हात असतील तर जरूर घ्या. दोघंच राहत असाल तर दुकानातून फॅमिली पॅक आणा आणि सुखात राहा.

पॉट मी पुण्यात बोहरी आळीतून घेतला, एप्रिल संपता संपता. सागवानी पट्ट्यांची बादली, तिला बाहेरून लोखंडी कड्या, आत स्टीलचा उभा डबा, डब्यात लाकडी पंखा आणि वर बिडाची दातेरी चाकं बसवलेली आडवी पट्टी नि दांडा. कुठे कंपनीचं नाव नाही की गॅरंटी कार्ड नाही. साडेचार हजारांपासून सुरू झालं, चार हजारांच्या किंचित खाली आलं. दुकानदार मोटरचा घ्या म्हणून मागे लागला होता.

"काकू, बटण दाबलं की झालं. आता हाताने कोण फिरवतंय?"

"माझ्याकडे मे महिन्यात भावाची नि नणंदेची मिळून सात पोरं येणारेत. त्यांना मग काय काम देऊ?"

त्याने मुकाट्याने माळ्यावरून हा काढून दिला. धूळ पुसून द्यायचे कष्ट मात्र घेतले नाहीत.

तुलनेला माझ्याकडे दुसरा एकच पॉट आहे, मिरजेतल्या आमच्या घरचा. तो आता नाही. पण त्याने किती उन्हाळे काढले आणि त्याच्याभोवती किती भांडणं झाली ते पक्कं लक्षात आहे, त्यामुळे हे परीक्षण थोडं एकतर्फी होणार.

नवा पॉट आणल्यावर पहिल्यांदा दिसतं ते म्हणजे बादली गळते. लगेच परत करायला धावू नका. लाकूड वाळलं की आक्रसतं आणि पट्ट्यांमध्ये फटी पडतात. पाणी पिऊन फुगलं की त्या आपोआप मिटतात. मिरजेत आदल्या दिवशी संध्याकाळी अण्णा बादली हौदात बुडवून ठेवायचे, तरंगू नये म्हणून वर धोंडा. आम्ही पोरं हौदाच्या काठावर ओणवी होऊन बुडबुडे मोजत बसायचो. फ्लॅटमध्ये हौद कुठला! मी बाथरूममध्ये बादली काठोकाठ भरून रात्रभर ठेवली. सकाळी सगळ्या फटी मिटल्या होत्या, फक्त तळाशी एका जागी थेंब थेंब चालू होतं, तेही दुपारपर्यंत थांबलं. लाकडाला इथे पूर्ण मार्क.

बादली आणि डबा यांच्यामधल्या जागेत भरायला बर्फ दहा-बारा किलो लागतो आणि खडे मीठ अडीच-तीन किलो. फ्रीजच्या ट्रेमधल्या बर्फाच्या नादी लागू नका, तो कुठल्या कुठे जातो. लादीच आणा. आमच्याकडे ती स्टेशनकडच्या बर्फाच्या कारखान्यातून काकांच्या सायकलच्या कॅरिअरवर यायची, भुशात घोळवलेली, पोत्यात गुंडाळलेली, आणि मागे रस्त्यावर पाण्याची लांब रेघ. या वेळी आणलेली लादी निळी निघाली. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालायचा नियम २०१८ पासून आहे. पोरं आधी बिचकली, मग फोटो काढत बसली. पॉटला हा बर्फ चालतो, कारण तो डब्याच्या बाहेरच राहतो.

बर्फ डब्याच्या बाहेर राहतो, या एका मुद्द्यावर आमची आजी आइस्क्रीम खायची. बाजारचं आइस्क्रीम तिने जन्मात तोंडाला लावलं नाही. कसलं पाणी, कुणाचे हात, काही कळत नाही म्हणायची. पॉटमधलं मात्र दूध घरचं, आंबा घरचा, आणि बर्फाचा आत काही संबंध नाही, म्हणून ते सोवळ्यातलं. पुढे एकदा आत्याने कुठल्याशा क्लासला जाऊन आइस्क्रीम मऊ नि दाट करणाऱ्या जीएमएस आणि सीएमसी पावडरींच्या पुड्या आणल्या. आजीने त्या हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या आणि एवढंच विचारलं, "उपासाला चालतात का?" पुड्या फडताळात गेल्या त्या गेल्याच. कॉर्नफ्लॉवर आणि कस्टर्ड पावडर यांची गतही तीच, कारण सुट्टीत एखादी एकादशी यायचीच आणि त्या दिवशी आजीला वगळून आइस्क्रीम करायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळे आमच्या घरची कृती म्हणजे म्हशीचं दूध, साखर, हापूसचा रस, संपलं. मी आजही तेवढंच घालते. आता मला वाटतं, कृती चांगली होती ती आजीच्या उपासांमुळे.

दूध दोन तृतीयांश होईपर्यंत आटवायचं. म्हशीच्या दुधात साधारण सहा टक्के स्निग्धांश असतो, आटल्यावर तो नवाच्या आसपास जातो, वर आदल्या दिवशीची साय घातली की काम फत्ते. साखर मिश्रण चाखताना जरा जास्तच वाटेल इतकी घाला, कारण गार पदार्थ जिभेला कमी गोड लागतो. पण फारच घातलीत तर मिश्रण गोठायचं नाव घेणार नाही. दूध पूर्ण गार झाल्याशिवाय आंब्याचा रस घालायचा नाही, फाटतं. आणि डबा तीन चतुर्थांशाच्या वर भरायचा नाही, कारण फिरवताना हवा शिरून आइस्क्रीम फुगतं.

मीठ कशाला, हे आमच्या पोरांनीही विचारलं. साखर घातलेलं दूध शून्याला गोठत नाही, त्याला उणे दोन-तीन तरी लागतं, आणि नुसता वितळता बर्फ शून्याच्या खाली जात नाही. मीठ पडलं की बर्फ शून्याखालीही वितळत राहतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता शेजारून, म्हणजे डब्यातल्या दुधातून, ओढून घेतो. हे मिश्रण पुस्तकात उणे एकवीस अंशांपर्यंत उतरतं. आपल्या बादलीत उणे दहा झालं तरी भागतं. पंखा डब्याच्या आतल्या कडेला गोठलेला दुधाचा थर खरवडून आत लोटत राहतो, म्हणून खडे होत नाहीत. यंत्राचं पेटंट १८४३ सालचं, अमेरिकेतल्या नॅन्सी जॉन्सन या बाईंचं. तेव्हापासून यात मुळातलं फारसं काही बदललेलं नाही. बाईंच्या घरी सुट्टीत किती पोरं जमत होती कोण जाणे, पण यंत्राचा घाट पाहता बरीच असावीत.

कारण खरी गंमत आहे ती फिरवण्यात. सुरुवातीला दांडा इतका हलका असतो की पाच वर्षांचं पोरही फिरवतं. मिरजेत पाळी धाकट्यापासून सुरू व्हायची. धाकट्याला वाटायचं, आइस्क्रीम आपणच केलं. मग वयाप्रमाणे वर वर. वीस-पंचवीस मिनिटांनी दांडा जड होतो, चाकांची खडखड थांबून घरघर सुरू होते, आणि बादली जागेवरून सरकायला लागते. तेव्हा घडी केलेलं पोतं वर टाकून एकाने बादलीवर बसायचं. हे मानाचं काम. बसणाऱ्याची चड्डी ओली व्हायची, थंडी पार हाडात शिरायची, तरी त्यासाठी मारामाऱ्या होत. माझा चुलतभाऊ वजनदार होता. एरवी त्यावरून आम्ही त्याला छळायचो, पण पॉटच्या दिवशी त्याचा भाव वधारायचा. शेवटची दहा मिनिटं काका. अण्णा व्हरांड्यातल्या आरामखुर्चीतून पेपर न हलवता नुसत्या आवाजावरून सांगायचे, "अजून नाही." आणि मग, "बास, काढा."

पंखा चाटायला मिळावा यासाठी आत्याकडे आधीपासून वशिले लावावे लागत. याबाबतीत नव्या पॉटचा पंखा कमी पडतो. त्याची पाती अरुंद आहेत, फारसं काही चिकटून येत नाही. सात पोरांत तो फिरवला तेव्हा शेवटच्याला नुसतं लाकूड मिळालं.

पंखा काढल्यावर लगेच वाढायचं नाही. खारं पाणी सोडून द्यायचं, झाकणाच्या भोकाला बूच मारायचं, नवा बर्फ-मीठ भरून पोत्याखाली तासभर दडपून ठेवायचं. हा तास आम्हाला चाकं फिरवण्यापेक्षा जड जायचा. आमच्याकडे तेव्हा फ्रीज नव्हता, म्हणजे पाच लिटर आइस्क्रीम त्याच रात्री संपवणं भाग. वाड्यातली तिन्ही बिऱ्हाडं, समोरचे मास्तर, दूध घालणारे मामा, सगळ्यांना हाक जायची. पुरवण्यासाठी आई स्टीलच्या छोट्या वाट्या काढायची आणि तरी आत्या चमचा असा काही आडवा धरायची की वाटी भरलेली दिसावी.

चव. खरं सांगायचं तर दुकानातल्याइतकं हे गुळगुळीत होत नाही. मधूनच बर्फाचा बारीक कण दाताखाली येतो, आणि बाहेर काढल्यावर झपाट्याने वितळतं. पण दुधाची चव लागते. हल्ली कपावर बारीक अक्षरांत फ्रोझन डेझर्ट लिहिलेलं असतं, म्हणजे आत दुधाच्या साईऐवजी वनस्पती तेल. नियमाप्रमाणे आइस्क्रीम म्हणवायला दुधाचीच चरबी लागते. पहिला चमचा तोंडात गेल्यावर भावाची धाकटी म्हणाली, "आत्या, हे बासुंदीसारखं लागतंय." ती तक्रार होती. दुसऱ्यांदा वाटी पुढे केली तेव्हा मी तिला त्याची आठवण करून दिली नाही.

आता दोष. झाकण सैल बसतं. खारं पाणी डब्याच्या तोंडापर्यंत चढलं की आत झिरपायला वेळ लागत नाही, म्हणून जादा पाणी बाहेर जायचं बादलीचं भोक बुजलेलं नाही ना ते बघत राहा आणि झाकण उघडण्याआधी कडा फडक्याने कोरडी पुसा. दांड्याची लाकडी मूठ दुसऱ्याच खेपेला हलायला लागली; सुताराने खिळा मारून दिला. स्टीलच्या डब्याला कल्हईची कटकट नाही हे बरं, पण मिरजेचा पितळी डबा लवकर गार व्हायचा असं माझं ठाम मत आहे. घरातल्या इतरांना हे मान्य नाही. बिडाची चाकं मिठाने गंजतात. काम झालं की साध्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून तेल द्या. काका शेंगदाणा तेलच वापरायचे, कारण चुकून थेंब आत पडला तरी पोटात जायला हरकत नाही. ते चिकट होतं, पण मुद्दा बरोबर होता. खारं पाणी कुंड्यांत ओतू नका, झाडं मरतात. मिरजेत ते अंगणातल्या फरशीच्या फटींत जायचं, गवत मारायला.

पाचपैकी साडेतीन. मूठ आणि झाकण नीट असतं तर साडेचार दिले असते.

दोन लिटरचाही मिळतो. तो घेऊ नका. त्यालाही तेवढाच पसारा पडतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोन-दोन मिनिटंही फिरवायला येत नाहीत. मोठा ठेवायला जागा लागते हे खरं. आमचा सध्या बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी पालथा घातलाय. सोसायटीतल्या दोघींनी गणपतीसाठी मागून ठेवलाय, सीताफळाचं करायचं म्हणतात. बिया काढायला माणसं त्यांनी आणायची, असं ठरलंय.