पेपर वाचन, भित्तिपत्रक, छापील अंक की मोबाईल: आठवी ते दहावीच्या मराठीसाठी काय निवडावं?

जूनमध्ये शाळा उघडली की मराठीच्या शिक्षकांपुढे हा प्रश्न येतोच. मुलं वाचती-लिहिती व्हावीत, व्याकरण पक्कं व्हावं आणि बातमी लिहायलाही यावी, यासाठी शाळेत नेमकं काय चालवायचं? आपल्याकडे, म्हणजे मराठवाड्यातल्या शाळांत, बहुतेक चार गोष्टी दिसतात: परिपाठातलं पेपर वाचन, भित्तिपत्रक (मुलांनी हाताने लिहून भिंतीवर लावलेला अंक), छापील अंक आणि अलीकडे मोबाईलवरून पाठवलेलं बातमीपत्र. चारही एकदम झेपत नाहीत. वर्गात पन्नास-साठ मुलं आणि आठवड्यातून जेमतेम एक मोकळी तासिका, अशा शिक्षकाला यातलं एक धरावं लागतं.

हा खटाटोप अभ्यासाबाहेरचा आहे असं मुख्याध्यापकांना वाटत असेल, तर त्यांना दहावीचा आराखडा दाखवा. प्रथम भाषा मराठीच्या ८० गुणांच्या पेपरात भाषाभ्यासाला, म्हणजे व्याकरणाला, १६ आणि उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत. म्हणजे अर्धा पेपर याच कामाचा, आणि बातमीलेखन त्यातच येतं.

निवडताना मी एकच गोष्ट बघतो: मुलाने लिहिलेलं दुरुस्त होऊन पुन्हा त्याच्याच हातात येतं का, आणि ते तो दुसऱ्यांदा लिहितो का?

या कसोटीवर परिपाठातलं वाचन मागे पडतं. खर्च नाहीच, शाळेत एखादा पेपर येतोच. पण होतं असं की एक चुणचुणीत मूल पाच मथळे वाचतं आणि बाकीची रांगेत उभी राहून ऐकतात. वाचनाचा सराव एकालाच मिळतो, लिखाण तर नाहीच. हेच वाचन मैदानातून वर्गात आणलं की चित्र बदलतं. पेपरची पानं सुटी करा, बाकाबाकावर एकेक द्या आणि एका बातमीतले सहा ककार अधोरेखित करायला सांगा: कोण, काय, कधी, कुठे, का, कसे. जुन्या ठळक घटनाही घेता येतात. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, १० टाक्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन. आज नववीत असलेल्या मुलांना ते आठवणं शक्य नाही. एवढ्या एका वाक्यात ‘का’ आणि ‘कसे’ यांचं उत्तर कुठे आहे, असं विचारा. मुलांच्या लक्षात येतं की ‘का’ यात नाहीच, ते दुसरीकडे शोधावं लागेल. शक्य झालं तर एकाच दिवसाचे दोन पेपर घ्या, एक मोठं दैनिक आणि एक ‘एकमत’ किंवा ‘प्रजावाणी’सारखं जिल्ह्यातलं. एकाच घटनेला दोघांनी मथळा काय दिला, पहिल्या वाक्यात काय घेतलं, हे समोरासमोर ठेवून वाचण्यातून जे शिकायला मिळतं ते धड्याखालच्या प्रश्नोत्तरांतून मिळत नाही.

भित्तिपत्रकाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझं मत त्याच बाजूला आहे. समजा नववीतल्या मुलीने पहिला मसुदा असा आणला: ‘आमच्या गावात पाण्याची खूप टंचाई आहे. हापशाला पाणी नाही. लोकांना त्रास होत आहे. शासनाने लक्ष द्यावे.’ हा निबंध झाला, बातमी नव्हे. तिला उत्तर देऊ नका, प्रश्न देऊन परत पाठवा. गावात हापसे किती? बंद किती, कधीपासून? तुला कोणी सांगितलं? ती पारावर जाते, दोघा-चौघांना विचारते आणि लिहून आणते: ‘गावातील तीन हातपंपांपैकी दोन महिनाभरापासून बंद आहेत. शाळेजवळच्या एकाच पंपावर पहाटेपासून रांग लागते. “चारला उठून नंबर लावायलोत आम्ही,” असे रांगेतील एका आजींनी सांगितले.’

अशा बातमीत व्याकरणाच्या तीन तासिका आहेत. पहिली, बोली आणि प्रमाणभाषा. ‘लावायलोत’ हे अवतरणचिन्हात तसंच राहतं, कारण ते आजींचं बोलणं आहे. वार्ताहराच्या वाक्यात मात्र ‘लावत आहेत’ येईल. ‘असं बोलू नको, चूक आहे’ असं मुलांना वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. त्यापेक्षा कुठे काय शोभतं हे त्यांना असं कळावं. दुसरी, ऱ्हस्व-दीर्घ. ‘विहीर’ पण ‘विहिरीत’, ‘मूल’ पण ‘मुलांना’. सामान्यरूप झालं, म्हणजे प्रत्यय लागताना शब्द बदलला, की उपान्त्य (शेवटून दुसऱ्या अक्षरातले) दीर्घ ई-ऊ ऱ्हस्व होतात, हा नियम घोकून डोक्यात राहत नाही. भिंतीवर लागणाऱ्या मथळ्यात चूक राहिली तर चारचौघांत दिसेल, ही काळजी तो पक्का करते. तिसरी, प्रयोग. मुलं सर्रास ‘काम अर्धवट सोडण्यात आले’ असं लिहितात. कोणी सोडलं? कर्ता वाक्यातून गायब झाला की बातमीतला ‘कोण’ही जातो. वाक्यरचनेतून जबाबदारी कशी लपते, हे चौदा-पंधराव्या वर्षी कळलं तर ते मूल आयुष्यभर सावधपणे वाचेल.

खर्च म्हणाल तर एक कार्डशीट, स्केचपेन आणि डिंक. पंधरवड्याला एक अंक पुरे. सहा-सात मुलांचा गट करा: काही वार्ताहर, दोघं उपसंपादक, एक मांडणीला. पुढच्या अंकाला गट आणि कामं दोन्ही बदला, नाहीतर सुंदर अक्षरवाली दोन मुलंच वर्षभर फलक लिहीत बसतात आणि बाकीची हात लावत नाहीत. हा भित्तिपत्रकाचा खरा धोका आहे. दुसरी मर्यादा अशी की ते शाळेत येणारेच वाचतात.

छापील अंकाचं अप्रूप वेगळंच. आपलं नाव छापून आलेला कागद घरी जपून ठेवला जातो. ए-थ्री कागद दोन्ही बाजूंनी झेरॉक्स करून मधोमध दुमडला की चार पानांचा अंक तयार, त्याला छापखाना लागत नाही. पण वर्षभराचं साधन म्हणून मी तो निवडणार नाही. अंक छापायचा म्हटलं की संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे फोटो, शुभेच्छा, जाहिराती येतात, आणि घाईत मुलांचे लेख शिक्षकच ‘नीट करून’ टाकतात. मुलाने दुसऱ्यांदा लिहायचं, तेच राहून जातं. वर्षाकाठी एक अंक मात्र जरूर काढा, भित्तिपत्रकात मुरलेल्या बातम्यांतून निवडून. ६ जानेवारीचा मुहूर्त चांगला आहे. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ याच तारखेला निघालं, म्हणून तो राज्यात पत्रकार दिन. त्याआधी १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन आणि ३० सप्टेंबरचा किल्लारी भूकंपाचा दिवस येतात. हैदराबाद मुक्तिसंग्राम पाहिलेली माणसं आता विरळा, पण १९९३ च्या किल्लारी भूकंपाची पहाट आठवणारी लातूर-धाराशिवकडे घरोघरी आहेत. आजोबांची मुलाखत घ्यायला मुलांना दुसरं निमित्त लागत नाही.

राहिला मोबाईल. तो बहुधा वडिलांच्या खिशात असतो आणि संध्याकाळीच हाती येतो. टायपिंग करताना शब्द आयता सुचवला जातो, ऱ्हस्व की दीर्घ हे मुलाला ठरवावंच लागत नाही; व्याकरणासाठी हे साधन कच्चं आहे. आवाजी बातमीपत्र मात्र उपयोगी आहे. ण आणि न, ळ आणि ल यांचे उच्चार, स्वल्पविरामाला थांबणं, हे स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकून जितकं सुधारतं तितकं सांगून सुधारत नाही. बीड-जालन्याकडच्या शाळांना आणखी एक कारण आहे. दिवाळीच्या सुमारास आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेलं मूल कोपीवरून, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीतून, दोन मिनिटांची बातमी पाठवू शकतं आणि वर्गाशी जोडलेलं राहतं. अशा शाळेत भित्तिपत्रकाला हे जोड द्यायलाच हवं. मुलांची नावं, फोटो शाळेबाहेर जाणार असतील तर आधी पालकांची लेखी संमती घ्या. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती मागतो.

मग काय धरायचं? आठवी-नववीला भित्तिपत्रक, आणि त्याच्या मागच्या आठवड्यात वर्गात पेपर वाचन. एकाच मोकळ्या तासिकेत दोन्ही आलटून पालटून बसतं. दहावीला वेगळा उपक्रम लादू नका. त्यांना आठवी-नववीच्या अंकाचे उपसंपादक करा. दुसऱ्याची ‘विहिर’ सुधारताना स्वतःचा भाषाभ्यास होतो, आणि मसुदे वहीत चिकटवले की लेखनाचा सरावही दाखवता येतो. शाळा शहरातली असेल, संगणक कक्ष चालू असेल, तरी पहिलं सत्र हातानेच लिहू द्या, टायपिंग दिवाळीनंतर. जुलैचा पहिला अंक छोटा ठेवा: चार बातम्या, एक मुलाखत, आणि खाली एक चौकट ‘मागील अंकातील दुरुस्त्या’ या नावाची. पहिल्या अंकात ती रिकामीच असेल, पण जागा तेव्हापासूनच राखून ठेवा.