नाइलाज वेगळा आणि अटळ वेगळं: एका ऑडिओ कोर्सचा रिव्ह्यू

कायद्यातल्या ‘नेसेसिटी’वरचा, म्हणजे नाइलाज किंवा गरज या कल्पनेवरचा एक ऑडिओ कोर्स ऐकून संपवला, ज्यांना कायदा आणि भाषा दोन्हीत रस आहे त्यांनी जरूर ऐकावा असाच आहे. मी पाचपैकी चार स्टार देईन.

आपण बोलताना ‘करावं लागलं’ आणि ‘टळण्यासारखं नव्हतं’ हे सर्रास एकाच अर्थाने वापरतो, नाइलाज होता म्हटलं की विषय संपला. कायद्यात मात्र विषय तिथेच सुरू होतो, कारण नाइलाज होता असं म्हणणारा आधी कबूल करतो की हे मी केलं, समजून उमजून केलं, आता कारण ऐका. अपघातात असं कुणी काही ठरवलेलंच नसतं. म्हणूनच भारतीय दंड संहितेत अपघात कलम ८० मध्ये आणि मोठं नुकसान टाळायला केलेलं कृत्य कलम ८१ मध्ये, शेजारी पण वेगवेगळं (१ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत तीच कलमं १८ आणि १९).

कोर्सचा सगळ्यात भारी भाग म्हणजे कलम ८१ चं उदाहरण. आगबोटीच्या कप्तानासमोर अचानक वीस-तीस माणसांची होडी येते, त्याची काही चूक नाही, बोट थांबवायला वेळ नाही, दिशा बदलली नाही तर टक्कर अटळ, आणि बदलली तर दोनच माणसं असलेल्या दुसऱ्या होडीला धोका, पण ती कदाचित वाचेलही. शिक्षक इथे थांबून एकेक शब्द सोडवतात. टक्कर ‘अटळ’ आहे खरी, पण ‘दिशा बदलली नाही तर’! त्या ‘तर’मध्येच कप्तानाचा निर्णय बसलाय. आणि ते ‘कदाचित वाचेल’ फार महत्त्वाचं, कप्तान धोका पत्करतोय, दोघांना ठरवून मारत नाहीये.

लगेच पुढच्या भागात १८८४ चा इंग्लंडमधला डडली आणि स्टीफन्स या खलाशांवरचा खटला येतो. मिन्योनेट नावाची यॉट बुडाली, चार जण छोट्या होडीत, अन्नपाणी संपलेलं, शेवटी सतरा वर्षांच्या रिचर्ड पार्करला मारून खाल्लं, नंतर चारेक दिवसांत एका जहाजाने बाकीच्यांना उचललं. ज्यूरीने म्हटलं की त्याला खाल्लं नसतं तर बहुधा कुणी वाचलं नसतं, पण कुणाला तरी मारणं भागच होतं असं धरलं तरी इतर तिघांऐवजी त्यालाच मारायची जास्त गरज नव्हती. हे ऐकताना अंगावर काटा आला. डडली आणि स्टीफन्सला फाशीची शिक्षा झाली, मग ती सहा महिन्यांच्या कैदेवर आली. मला वाटतं ‘गरज होती’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला हाच प्रश्न विचारायला हवा, कोणाची गरज आणि किंमत कोणी मोजली?

१८१९ चा मॅक्युलक विरुद्ध मेरीलँड हा अमेरिकेतला खटला पण छान मांडलाय, तिथे सरन्यायाधीश मार्शलने दाखवलं की अमेरिकेच्या घटनेत एका जागी ‘अत्यंत आवश्यक’ लिहिलंय, म्हणजे नुसतं ‘आवश्यक’ त्याहून सैल आहे, सोयीचं आणि उपयोगी इतपतही चालतं.

एक स्टार कापला तो करारांच्या भागासाठी. १८६३ चा टेलर विरुद्ध काल्डवेल हा इंग्लंडमधला खटला अगदी घाईत उरकलाय, भाड्याने घेतलेला हॉल कार्यक्रमाआधीच जळाला आणि दोघंही करारातून सुटले, एवढंच सांगून पुढे. अहो, इथे तर कुणी काही निवडलंच नव्हतं, कप्तानाच्या आणि डडली-स्टीफन्सच्या प्रकरणांशी ताडून बघायला याहून चांगली जागा कुठे मिळणार! शिवाय करार पाळणं महाग पडलं आणि पाळणं अशक्य झालं यातला फरक, ज्यावर खरे वाद होतात, त्याला जेमतेम दोन वाक्यं.

आवाज स्पष्ट आहे, बोलण्याचा वेग बरोबर. कलम ८१ चं उदाहरण आधी स्वतः वाचून घ्या आणि मग तो भाग ऐका, दुप्पट मजा येईल.