मागचं कव्हर वाचायला लावणारं दुकान (शालिमार, नाशिक)

मी पॉलिटेक्निकला शिकवते. गेल्या वर्षी ऑनलाइन मागवलेलं थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक पायरेटेड निघालं. वाफेच्या तक्त्यांत 6 कुठला नि 8 कुठला ते कळेना, दशांशचिन्हं तर जागोजागी उडालेली. असल्या पुस्तकावरून पोरांनी गणितं सोडवायची तरी कशी? माझा अजून संताप होतो.

यंदा भाचा एमएससाठी अमेरिकेला निघालाय. तिकडे पुस्तकं फार महाग, म्हणून त्याला घेऊन शालिमारजवळच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेले. दुकानदार काकांनी त्याच पुस्तकाच्या दोन प्रती पुढ्यात ठेवल्या. एक अमेरिकेत छापलेली, जाड पुठ्ठ्याची, कुणीतरी शिकून परत येताना आणलेली. दुसरी पातळ कागदाची, मागच्या कव्हरवर चौकटीत सूचना: विक्री फक्त भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका इथेच.

"ही डुप्लिकेट आहे ना?" भाचा म्हणाला.

"नाही रे बाबा. प्रकाशकानंच इकडच्यासाठी स्वस्तात छापलीय." काकांनी कॉपीराइटचं पान उघडून छपाईचं ठिकाण दाखवलं, मग तक्त्याचं पान उजेडात धरलं. एकूण एक टिंब जागेवर.

"आत्या, चार-पाच नेऊन तिकडे विकल्या तर?"

हे असंच सुपाप किर्टसेंग या थाई विद्यार्थ्यानं केलं होतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकताना घरच्यांकडून थायलंडमधली स्वस्त पुस्तकं मागवून तो ईबे या वेबसाइटवर विकायचा. वायली प्रकाशनानं दावा लावला, ज्युरीनं त्याला 6 लाख डॉलर भरायला सांगितले. 2013 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 6 विरुद्ध 3 मतांनी त्याच्या बाजूनं कौल दिला: रीतसर छापलेली प्रत एकदा विकली गेली की पुढची विक्री घेणाऱ्याच्या मर्जीची, छपाई कुठल्याही देशातली असो. मला तो निकाल मनापासून पटतो. पण इथून अशा आवृत्त्या परदेशी विकणाऱ्यांना 2010 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं, वायलीच्याच दाव्यात, मनाई केली होती. काकांना ते ठाऊक होतं. "धंदा नको, वापरायला ने," एवढंच ते म्हणाले. परदेशातून आलेले गठ्ठे ते स्वतःही घेत नाहीत, कुणी वापरून आणून दिलेली प्रत तेवढी ठेवतात. दिल्लीच्या त्या निकालाप्रमाणे, प्रत एकदा विकली गेली तरी ती दुसऱ्या देशात विकण्यावर प्रकाशकाचा हक्क उरतो.

जागा अगदी अरुंद आहे, संध्याकाळी जाऊ नका. आमची प्रत 480 रुपयांना पडली. आधीच्या मालकानं पेन्सिलीनं सोडवलेली गणितं आत तशीच आहेत. पाचव्या प्रकरणातलं एक चुकलंय. ते खोडलं नाही, भाच्यानं शोधावं.